पंधरा दिवसांच्या भाकरी

प्रिय शिवकन्या,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची रीत मला ठाऊक आहे, पण माझ्यावर झालेला अन्याय इतका ताजा आहे की आधी तो नोंदवून घे. काल सकाळी मी माझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या पातेल्यात, स्वतःच्या हातानं चहा केला आणि त्यात दोन चमचे हळद टाकली. चूक माझी नाही. माझ्या स्वयंपाकघरात गेली चौदा वर्षं चहापत्ती 'हळद' लिहिलेल्या डब्यात राहते, हळद तुपाच्या डब्यात, साखर औषधाच्या बरणीत आणि मीठ खिळ्याला टांगलेल्या पिशवीत. ही व्यवस्था जगात फक्त मला कळत होती आणि त्यातच तिची थोरवी होती. घरात चोर शिरला असता तर त्याला साधा चहासुद्धा करून घेता आला नसता. तुझ्या थोरल्या लेकीनं परवा शाळेतून आल्यावर सगळे डबे रिकामे केले, घासले, उन्हात वाळवले आणि ज्या डब्यावर जे लिहिलंय तेच त्यात भरलं. ज्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं त्यांच्यावर वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तिखट. जिरे. ज्वारीचे पीठ. मामाची बिस्किटे, सत्याला देऊ नये. मी तो पिवळा चहा अंगणात बसून, शेजारपाजारला दिसेल असा, निषेध म्हणून शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. धाकटीनं कप हुंगला आणि म्हणाली, "मामा, आता तुझा घसा दुखायला पायजे, म्हंजी हळद वाया न्हाई जायाची."

तर खुशाली. दोघी ठीक आहेत. धाकट्या सत्याचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तिचा खरेपणा आता थोडा फुसफुसत बाहेर येतो, पण कमी झालेला नाही. पोरीचं नाव सत्यशीला ठेवताना तुम्ही पुढचा विचार करायला हवा होता. दिपालीचा सहावीचा पहिल्या सत्राचा निकाल लागला, गणितात वर्गात दुसरी आली. आणि तुझ्या हाताचं कळलं. सोमवारी प्रविणरावांनी फोनवर निरोप बोलून पाठवला, तेव्हा मी माजलगावच्या स्टँडवर तेलगावच्या गाडीची वाट बघत उभा होतो. कोयता निसटला, डाव्या तळहाताला लागला, चार टाके पडले, डॉक्टरनं पंधरा दिवस पाण्यात हात घालू नका म्हणून सांगितलंय. "दादा, उसाच्या फडात ती कापड बांधून काम रेटती, पण भाकरीचं काय करायचं? पिठात हात घालता येत न्हाई. शनिवारी आपल्या गावच्या राधाकिशनची गाडी इकडं निघणार हाय, दिपालीला त्यात बसवून द्या. पंधरा दिवसांची तर बाब हाय." आणि निरोप संपता संपता, मागून, लांबून तुझा आवाज, "तिची वह्या-पुस्तकं संगं द्या म्हणावं." ते मागचं वाक्य मी चार वेळा ऐकलं. गाडी आली आणि गेली.

मी उत्तर दिलेलं नाही याचा तुला राग आला असणार. आज गुरुवार. तीन दिवसांत मी तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलो की मी विनोद करतो, तू गप्प झालीस की अजून एक विनोद करतो, आणि तू रडायला लागलीस की रेंज नाही म्हणून फोन ठेवतो. पंधरा वर्षं साप्ताहिकात लोकांची टर उडवणारं सदर लिहून मला एवढंच साधलंय. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे, आणि त्यात बराच वेळ खाण्यापिण्याचंच बोलणार आहे, कारण या तीन महिन्यांत माझ्या घरात दुसरं काही घडलंच नाही.

दसऱ्यानंतर तुम्ही दोघं ऊस तोडायला, फडाजवळच्या कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात राहायला गाडीत बसलात आणि पोरी माझ्याकडे ठेवून गेलात, तेव्हा तू मला दोनच गोष्टी बजावल्यास. दोघींना शाळेत पाठव आणि दोघींना जेवू घाल. शाळेचं मला सोपं होतं, हायस्कूलच्या कचेरीत बसून बसून शाळा कशी चालते हे मला शिक्षकांपेक्षा जास्त कळतं. जेवणाचं मात्र मी धोरण ठरवलं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी शाळेची खिचडी, संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलातली भाजी, आणि भाकरी तेवढी दिपाली करायची. मी खुर्चीत बसून पेपर वाचायचो आणि आपण भाचींना शिकवतोय या विचारानं मला स्वतःविषयी फार बरं वाटायचं. आठवडाभरानं सत्यानं ताट पुढे सरकवलं आणि शांतपणे सांगितलं, "मामा, या भाजीला रोजच्याला तोच वास येतो. आनि ताई तिकडं कोपीवर भाकरी करायची, इथंबी भाकरीच करती. मग आमाला इथं कावून ठिवलं?"

सहा वर्षांच्या माणसाचा प्रश्न चुकवायला मी पेपर तोंडासमोर धरला. आपली शेजारीण गीताबाई, शाळेत खिचडी शिजवते ती, तिनं भिंतीपलीकडून हे ऐकलं. ती बाई कधी भिंतीच्या अलीकडे येत नाही, पण तिचा आवाज येतो. "भाऊसाहेब, लेकरं बिस्किटावर वाढत न्हाईत. तुमी कागदावर लई शानपण लिवता, एक दिवस कांदा चिरा की." मी म्हणालो मला येत नाही. ती म्हणाली, "मला तरी आईच्या पोटात येत हुता का?"

पहिल्या दिवशी आम्ही चुरमुऱ्यांचा सुशीला केला. तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायचा आनंद आहे, तो घेऊ दे. दुकानातून चुरमुरे आणले. सत्याकडे ते भिजवून पिळायचं काम. चाळणीत घ्यायचे, वरून पाणी ओतायचं आणि लगेच दोन्ही हातांनी दाबून पाणी काढायचं. यात पाणी अंगावर सांडतं, म्हणून हे काम तिला राज्यकारभारासारखं वाटतं. दिपालीकडे दाण्याचा कूट आणि डाळव्याची पूड. माझ्याकडे कांदा, मिरच्या आणि गॅस, कारण गॅसजवळ पोरींनी यायचं नाही असा नियम मी केला. फोडणीत मोहरी तडतडल्यावर मीच दोन पावलं मागे सरलो आणि दिपालीनं पुढे होऊन झाकण ठेवलं. हळद, कांदा, मग चुरमुरे, वर कूट, पूड, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. एवढंच. अर्धा तास लागला आणि तिघांचं पोट भरलं. मला वाटलं होतं सत्या काहीतरी बोलेल. ती खात राहिली. मग कढईच्या तळाला चिकटलेलं खरवडताना म्हणाली, "मीठ कमी हाय. पन चालंल." माझ्या पंधरा वर्षांच्या लिखाणाला एवढा चांगला अभिप्राय कुणी दिलेला नाही.

त्यानंतर आम्हाला चटक लागली. आठवड्यातून एकदा शेंगोळे. ज्वारीचं आणि हरभऱ्याचं पीठ, लसूण, तिखट, ओवा घालून घट्ट मळायचं, आणि मग तिघं परातीभोवती बसून वळायचे. पिठाची वात करायची, टोकाला टोक चिकटवायचं. दिपालीचे सगळे एका मापाचे. माझे निरनिराळ्या आकाराचे, त्यांना मी लोकशाही म्हणतो. सत्या शेंगोळे वळतच नाही, साप, चप्पल, शाळेच्या बाईंचं नाक असं काहीबाही करते. उकळत्या रश्श्यात सगळं शिजतं आणि जेवताना ज्याच्या ताटात बाईंचं नाक येईल तो जिंकला. उरलेल्या पिठाची धपाटी. उरलेल्या भाकरीचा कुस्करा, त्याला कांदा-लसणाची फोडणी, वर कच्चं तेल. आणि गीताबाईनं एका रविवारी येसर करायला शिकवलं. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे-जिरे, सुकं खोबरं, मिरच्या, असं एकेक मंद आचेवर भाजायचं आणि गिरणीतून दळून आणायचं. पाणी उकळलं की दोन चमचे येसर पाण्यात कालवून सोडायचं, आमटी तयार. भाजायला बसलो तेव्हा दोघी माझ्या उलथन्यावर पहारा करत होत्या. डाळ जरा लाल झाली की एकदम दोन आवाज, "मामा, उतर!" माझ्यावर एवढं बारीक लक्ष कधी माझ्या हेडमास्तरांनीही ठेवलेलं नाही.

नोव्हेंबरात शाळेत बाल आनंद मेळावा झाला. पोरं घरून काहीतरी करून आणतात, मैदानावर पथारी मांडतात आणि आईबाप, मास्तर, सगळे विकत घेऊन खातात. दिपालीनं सुशीला मांडला. मी रजा टाकून तिच्यामागे कांदा चिरायला बसलो होतो. आमच्या साप्ताहिकाचे संपादक बद्रीनाथ बातमी घ्यायला आले, त्यांनी मला तसा पाहिला आणि भर मैदानात ओरडले, "कावून बे परमेश्वर, लेखणी बोथट झाली का सुरी धरलीस?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर दिपालीनं त्यांच्या हातात द्रोण दिला आणि म्हणाली, "काका, आधी खा, मग हसा. तोंडात घास असला की नीट हसता येत न्हाई." बद्रीनाथ दोन द्रोण खाऊन गेले. पुढच्या अंकात माझ्या सदराखाली चौकटीत दिपालीचा फोटो छापला, तो कात्रण करून दारामागे लावलाय. शिवकन्या, ती पोरगी चारचौघांत बोलते. मला वाटायचं ती मुकी आहे. ती मुकी नव्हती, ती कामात असायची.

आता भाकरीचं. सत्याच्या त्या प्रश्नानंतर मी दिपालीला सांगितलं होतं की भाकरी एक दिवस तू, एक दिवस मी. ती हसली नाही हा तिचा चांगुलपणा. पहिली परातीलाच चिकटली. दुसरी तव्यावर टाकताना मनगटावर पडली. तिसरी झाली, पण सत्या तिला 'कौल' म्हणाली आणि तिनं ती खरोखर गोठ्याच्या भिंतीवर ठेवून पाहिली. दिपालीनं मग मास्तरणीसारखी मांडी घातली. पाणी आधी उकळून घे मामा, नुसतं कोमट नको. तळहाताच्या टाचेनं रगड, बोटांनी खाजवू नको. कडा फाटायला लागल्या म्हणजी पीठ अजून तुझं झालं न्हाई, परत मळ. थापताना हात फिरव, भाकरी फिरंल. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लाव, ते सुकायच्या आत उलट. मी वहीत लिहून घेतलं तर म्हणाली वही चुलीत घाल. सव्वा महिना लागला. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी माझी भाकरी जाळावर टम्म फुगली आणि वरचा पापुद्रा अख्खा सुटला. सत्यानं भिंतीकडे तोंड करून गीताबाईला बातमी दिली, आणि पलीकडून आवाज आला, "आता लगीन करायला हरकत न्हाई भाऊसाहेब." आता मी सकाळी शाळेच्या आधी आठ करतो. कधी एखादी बिघडते. ती मी खातो.

हे सगळं मी तुला फोनवर का सांगितलं नाही? दर रविवारी तू विचारायचीस, पोरी जेवल्या का, मी म्हणायचो जेवल्या. तुला वाटत असणार दिपालीच करते. मी तसं वाटू दिलं, कारण चव्वेचाळिसाव्या वर्षी भाकरी शिकलो हे माझ्याच धाकट्या बहिणीला सांगायची मला लाज वाटली. ही लाज कुठून आली त्यावर पुढे येतो.

मघाची डब्यांची तक्रार अर्धवट राहिली होती. हळदीचा चहा पिऊन झाल्यावर मी दिपालीला बोलावून घेतलं आणि खोट्या रागानं विचारलं की माझ्या राज्यात ही उलथापालथ कुणाच्या हुकुमानं झाली. ती म्हणाली, "मामा, मी गेल्यावर सत्याला कसं कळंल काय कुठं हाय ते? तिला वाचता येतंय आता." सोमवारचा निरोप मी स्टँडवर ऐकला होता, पण रात्री घरी फोन चार्जिंगला लावून ठेवला तेव्हा तिनंही ऐकला होता. मंगळवारी डबे घासले. बुधवारी सत्याला फोडणी न घालता करता येतील अशा तीन गोष्टी शिकवल्या: दही-चुरमुरे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि दुधातला कुस्करा. तिच्या दप्तराशेजारी कपड्यांची एक पिशवी भरून ठेवलीय, वर गणिताचं पुस्तक. सत्यानं विचारलं, "ताई, गॅदरिंगला येशील ना?" तर म्हणाली, "निरोपात पंधरा दिवसांसाठीच म्हणलंय." एवढ्या खात्रीनं म्हणाली की मी उठून बाहेर गेलो आणि अंगण झाडायला लागलो. ते सकाळीच झाडलेलं होतं.

तुलाही पंधरा दिवसांसाठीच नेलं होतं, शिवकन्या.

तू सहावीत होतीस, मी अंबाजोगाईला वसतिगृहात राहून बारावी करत होतो. त्या साली आईची पाठ धरली. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकजण बसला की कोयताच मोडतो. म्हणून आईनं पाठीला लुगडं आवळून फडात जायचं आणि कोपीवर भाकरीला तू, असं ठरलं. पंधरा दिवस, तिची पाठ बरी होईपर्यंत. तूही पुस्तकं बरोबर नेली होतीस. मला आठवतं, कारण उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा तुझ्या इतिहासाच्या पुस्तकाच्या पानांवर पिठाच्या बोटांचे ठसे होते. पाठ बरी झाली. पण तोवर घरच्यांना तुझ्या हातच्या भाकरीची सवय झाली होती, आईला एक तास जास्त तोडायला मिळत होता, आणि मास्तर म्हणाले की एवढं बुडलंय तर आता पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कुणी बघितलं नाही. कुणी दुष्टपणा केला नाही, हेच त्यातलं वाईट. भांडायला माणूसच सापडत नाही. तू आणि प्रविणराव वाईट आईबाप आहात असं मी म्हणत नाही. वह्या-पुस्तकं संगं द्या, हे तू म्हणालीस, कारण तुला वाटतंय या वेळी तसं होणार नाही. आईलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आता जे सांगायला एवढी पानं खर्ची घातली ते. तुला न्यायच्या आधी आबा अंबाजोगाईला आले होते. हे तुला कुणीच सांगितलेलं नाही. आबा गेले, आई गेली, आता फक्त मला माहीत आहे. वसतिगृहाच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "पंधरा दिवस येतोस का? आईच्या जागी मोळ्या बांध, ती कोपीवर बसून भाकरी तरी करंल." मी म्हणालो, प्रॅक्टिकल परीक्षा आहे. परीक्षा नव्हती, शिवकन्या. कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात मला एक विनोदी भाषण करायचं होतं. आबांनी परीक्षेच्या नावाला हात जोडले, माझ्या खिशात पाच रुपये घातले आणि उतरून गेले. तिथून ते घरी आले आणि तुला घेऊन गेले. भाषण छान झालं, लोक पोट धरून हसले, आणि त्या हशावर मी आजवर जगतोय; मघाशी लाज म्हणालो ती इथली. तर दिपाली येणार नाही. शनिवारी राधाकिशनच्या गाडीत तिची जागा ठरलीय, तिथे मी बसतोय. हेडमास्तरांकडून पंधरा दिवसांची रजा मंजूर करून घेतलीय, गीताबाई पहिल्यांदाच भिंतीच्या अलीकडे, रात्री पोरींजवळ झोपायला येणार आहे, आणि स्वयंपाकाला मदत लागली तर मधली भिंत आहेच. बरोबर येसर, शेंगदाण्याची चटणी आणि पोरींनी केलेले लाडू आणतोय. कोयता मला झेपणार नाही, मोळी उचलायला गेलो तर तुम्हाला दोन्ही बाजूंनी मला उचलावं लागेल. भाकरी झेपेल. कोप्यांवरचे लोक हसतील, त्यांना मनसोक्त हसू दे, मी आजवर इतरांना बरंच हसलोय. प्रविणरावांनाही चार दिवसांत शिकवीन म्हणतो, त्यांचे दोन्ही हात शाबूत आहेत असं ऐकून आहे. हे पत्र मी पोचल्यावर माझ्या हातानंच तुला देईन आणि तू वाचायला बसलीस की चुलीकडे तोंड करून पाणी उकळायला ठेवीन. तू सावकाश वाच, तुला घाई नको. वाचून झाल्यावर मला काही बोलू नकोस, हाताची पट्टी कोरडी ठेव, आणि सकाळी फडावर न्यायला किती भाकरी लागतात, तेवढं फक्त सांग.

तुझाच,
परमेश्वरदादा